ऑनलाइन दुकानाच्या नावाने आलेला तोतया मेल कसा ओळखावा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या मोठ्या बहिणीने एका ऑनलाइन दुकानातून मिक्सर मागवला होता. तो दोन दिवसांत यायचा होता, चार दिवस झाले तरी आला नव्हता, आणि पाचव्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर त्या दुकानाच्या नावाने मेल आला. वर दुकानाचे नेहमीचे बोधचिन्ह होते, त्याखाली ओळखीच्या रंगाची पट्टी होती, आणि मजकूर असा होता की आपला पत्ता अपूर्ण असल्यामुळे पार्सल वितरण केंद्रात थांबले आहे, चोवीस तासांत पत्ता निश्चित करून २५ रुपये शुल्क भरले नाही तर ते परत पाठवले जाईल. खाली मोठे बटण होते. ताईने ते दाबले आणि उघडलेल्या पानावर नाव, पत्ता, फोन क्रमांक व डेबिट कार्डाचा तपशील भरला. ओटीपी आला. त्याचे सहा आकडे पाहत असताना तिचे लक्ष त्याच संदेशातल्या दुसऱ्या आकड्याकडे गेले. बँकेने लिहिले होते की हा ओटीपी २४,९९९ रुपयांच्या व्यवहारासाठी आहे. ती तिथेच थांबली आणि तिने मला फोन केला.

ताईने बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, घरचे बँकेचे सगळे व्यवहार ती स्वतः पाहते, आणि ओटीपी कोणालाही सांगू नये हे तिला पक्के ठाऊक आहे. तरीही ती त्या पानापर्यंत गेली, कारण ती खरोखरच एका पार्सलची वाट पाहत होती. मेल पाठवणाऱ्याला तिच्या मिक्सरची काहीही कल्पना नसावी. असे मेल एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर सोडले जातात, आणि सणाच्या आठवड्यात त्यांतल्या कितीतरी घरी कसले ना कसले पार्सल यायचेच असते. पानिपतानंतर काही वर्षांनी सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत जो तोतया आला, त्याच्यावर अनेकांनी विश्वास ठेवला, कारण भाऊ परत यावेत असे त्यांना मनापासून वाटत होते. ऑनलाइन दुकानाच्या तोतयाचे बळही याच ठिकाणी आहे. त्यामुळे अशा मेलांना भुलणारी माणसे अडाणी किंवा लोभी असतात हा समज प्रथम सोडून द्यायला हवा. या समजापायी फसलेली माणसे लाजून गप्प बसतात, आणि गप्प बसण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

अशा फसवणुकीला फिशिंग म्हणतात. हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रूढ झाला, तेव्हा अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड चोरण्यासाठी कंपनीच्या कर्मचाऱ्याचे सोंग घेऊन संदेश पाठवले जात असत. गळाला आमिष लावून पाण्यात सोडायचे आणि कोणी ओढतो का पाहत बसायचे, अशी ती रीत आहे, आणि आपणही मराठीत ‘गळाला लागणे’ म्हणतोच. तीस वर्षांत आमिषे बदलली, गळ तोच राहिला.

दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवता येतो तरी कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ईमेलची ने-आण एसएमटीपी नावाच्या नियमावलीप्रमाणे चालते, आणि ती जॉन पोस्टेल यांनी लिहून ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हाचे जाळे मुख्यतः विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि सरकारी खाती यांच्यापुरते होते, त्यावरची माणसे एकमेकांना ओळखत होती किंवा ओळखीतली समजली जात होती, आणि म्हणून पाठवणारा खरोखर तोच आहे का हे तपासण्याची सोय त्या नियमावलीत ठेवली गेली नाही. अंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता लिहायला जागा असते. तिथे कोणी काय लिहिले आहे हे टपालखाते पडताळून पाहत नाही, ते पुढचा पत्ता वाचून पत्र पोहोचवते. ईमेल अनेक वर्षे असाच पोहोचत होता, आणि आजही त्याचा पाया तोच आहे.

पुढे या पायावर तीन तपासण्या चढवल्या गेल्या. पहिलीचे नाव एसपीएफ. तिच्यात डोमेनचा, म्हणजे ईमेल किंवा संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या ‘अमुक डॉट इन’सारख्या नावाचा, मालक एक यादी जाहीर करतो, की माझ्या नावाने पत्रे टाकण्याचा अधिकार फक्त या यंत्रांना आहे. दुसरी डीकेआयएम, ती पत्रावर लाखेची मोहोर उमटवावी तशी मेलवर गणिती सही उमटवते, आणि वाटेत मजकूर बदलला तर मोहोर तुटलेली दिसते. तिसरी डीएमएआरसी, तिच्यात मालक सांगून ठेवतो की माझ्या नावाचे पत्र या तपासण्यांत नापास झाले तर ते टाकून द्या किंवा बाजूला ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या, आणि ‘याहू’ या मेलसेवेनेही मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी त्याच सुमारास तसेच नियम आणले. याचा फायदा खरोखर झाला आहे. एखाद्या मोठ्या दुकानाचा नेमका ईमेल पत्ता जसाच्या तसा पाठीवर लिहून मेल सोडणे आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

पण या तपासण्या किती सांगतात आणि कुठे थांबतात, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. ‘हे पत्र अमुक डोमेनवरूनच आले आहे’ एवढेच त्या सांगतात. ते डोमेन भल्या माणसाचे आहे की चोराचे, याबद्दल त्यांचे काही म्हणणे नसते. चोराने स्वतःच्या नावाने काहीशे रुपयांत नवे डोमेन घेतले आणि त्यावर तिन्ही तपासण्या व्यवस्थित बसवल्या, तर त्याचा मेल सन्मानाने उत्तीर्ण होतो. याखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी खरे खाते फोडून त्यावरून मेल पाठवण्याची वाट असते. ताईच्या मेलमध्ये हेच झाले असावे. पाठवणाऱ्याच्या जागी फोनवर दुकानाचे नाव ठळक दिसत होते, कारण फोनवरचे मेल अॅप जागा वाचवण्यासाठी फक्त नाव दाखवते आणि नावाच्या जागी कोणालाही काहीही लिहिता येते. नावाखालचा लहान बाण दाबल्यावर मागचा खरा पत्ता उघडला, आणि तो परदेशातल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्याचा होता. त्या दवाखान्याला याची खबरही नसेल. मिक्सर विकणारे दुकान दातांच्या दवाखान्यातून पत्र पाठवत नाही, एवढे ताईने स्वतःच ओळखले, पण त्यासाठी तो बाण दाबायचा असतो हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

आता या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. मेलमधले बोधचिन्ह, रंग, अक्षरे, तळाशी असलेला कायदेशीर मजकूर, हे सगळे खऱ्या मेलमधून जसेच्या तसे उचलता येते. बटण दाबल्यावर उघडणारे पानही हुबेहूब उतरवता येते. नक्कल करता येत नाही ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे त्या पानाचा पत्ता, जो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतो. एक डोमेन एका वेळी एकाच मालकाचे असते. म्हणून चोर पत्ता खोटा करू शकत नाही, तो पत्ता खऱ्यासारखा भासवण्याचा प्रयत्न करतो, आणि आपल्याला पत्ता वाचता येत नाही यावर त्याची सगळी भिस्त असते.

पत्ता वाचण्याची रीत मात्र साधी आहे. डोंबिवलीत ‘अस्सल कोल्हापुरी मिसळ’ अशी पाटी दिसली, तर ते दुकान कोल्हापुरात आहे असे कोणी समजत नाही. पाटीवर शेवटी गाव कोणते लिहिले आहे ते आपण पाहतो. इंटरनेटच्या पत्त्यातही खरे गाव शेवटी असते. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्यात आणि त्यानंतर येणारी पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी. तिच्या लगेच डावीकडे जे असते ते मालकाचे नाव. समजा खऱ्या दुकानाचा पत्ता ‘अबक डॉट इन’ असा आहे. मेलमधले बटण ‘अबक डॉट इन डॉट रिफंड-केंद्र डॉट टॉप’ या पत्त्यावर नेत असेल, तर आपली नजर डावीकडच्या ओळखीच्या नावावर थांबते आणि मन निश्चिंत होते. शेवटून वाचले की कळते, की आपण ‘रिफंड-केंद्र डॉट टॉप’ नावाच्या कोणा परक्याच्या घरी आलो आहोत आणि ‘अबक डॉट इन’ ही त्याने आपल्या दारावर लावलेली पाटी आहे. तिरप्या रेघेनंतर येणारे शब्द म्हणजे घरातल्या खोल्या, त्यांना मालक हवी ती नावे देतो, त्यामुळे तिथे ‘अबक’ दिसले तरी त्याला काही किंमत नाही. आडवी रेघ घालून केलेले ‘अबक-सेल डॉट इन’ किंवा ‘अबक-दिवाळी डॉट इन’ यांचाही अबकशी संबंध असेलच असे नाही. ती वेगळी डोमेने आहेत आणि ती प्रथम मागेल त्याला मिळतात. शेवटी ‘डॉट को डॉट इन’ असेल तर ते दोन्ही तुकडे मिळून गाव समजावे आणि त्याआधीचा शब्द पाहावा.

दुसरी युक्ती अक्षरांची. जुन्या छपाईत ‘ख’ फाकून छापला गेला की तो ‘रव’ वाचला जात असे आणि ‘खाना’चा ‘रवाना’ होत असे, हे आपल्याला माहीत आहे. लहान इंग्रजी लिपीतही अशा जागा आहेत. ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की फोनच्या पडद्यावर ‘एम’ दिसतो, लहान ‘एल’ आणि एकचा आकडा ओळखू येत नाहीत, ‘ओ’च्या जागी शून्य सहज खपते. याहून अवघड प्रकार परक्या लिपीतल्या अक्षरांचा आहे. रशियन लिपीतला ‘अ’ दिसायला इंग्रजी ‘ए’सारखाच असतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. २०१७ मध्ये एका संशोधकाने केवळ रशियन लिपीतल्या अक्षरांनी अॅपल कंपनीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता, आणि तेव्हाच्या काही मोठ्या ब्राउझरांत तो खऱ्यापासून वेगळा ओळखता येत नव्हता. त्यानंतर ब्राउझरांनी बरीच काळजी घेतली आहे. तरी डोळ्यांवर किती विसंबावे याचे उत्तर या एका उदाहरणात मिळते.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘कुलूप दिसले की संकेतस्थळ सुरक्षित’ असे आपणच आपल्या घरच्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यातले बोलणे वाटेत कोणी ऐकू शकत नाही. समोर कोण बसला आहे हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आता कोणालाही काही मिनिटांत विनामूल्य मिळते, आणि म्हणून चोरांच्या पानांवरही कुलूप असते. हा गैरसमज इतका पसरला होता की गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून तिथे दुसरे साधे चिन्ह बसवले.

बँकांच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगले पाऊल उचलले गेले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट केवळ बँकांसाठी राखून ठेवला आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे तिथे हलवण्यास सांगितले. हा शेवट परवाना असलेल्या बँकेखेरीज कोणाला मिळत नाही, त्यामुळे बँकेचा पत्ता ओळखणे सोपे झाले. दुकानांभोवती असे कुंपण नाही. ‘डॉट इन’, ‘डॉट कॉम’, ‘डॉट शॉप’, ‘डॉट स्टोअर’ यांतले काहीही कोणालाही घेता येते, आणि म्हणून दुकानाच्या नावाने येणारा मेल बँकेच्या मेलपेक्षा अधिक बारकाईने पाहावा लागतो.

फोनवर लिंक न उघडता तिच्यावर बोट काही क्षण दाबून धरले की ती कुठे नेणार तो पत्ता दिसतो. संगणकावर माऊसचा बाण नुसता तिच्यावर नेला की पत्ता ब्राउझरच्या तळाशी उमटतो. ही सवय जरूर लावावी. मात्र येथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खरी दुकानेसुद्धा आपल्या जाहिरातींच्या मेलमध्ये थेट स्वतःचा पत्ता देत नाहीत. कोणी कोणते बटण दाबले याची मोजदाद करणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या लांबलचक, अगम्य पत्त्यावरून ती ग्राहकाला फिरवून आणतात. ग्राहकाने पत्ता वाचून सावध राहावे अशी अपेक्षा करायची आणि स्वतःच्या खऱ्या मेलांतून त्याला परक्या पत्त्यांची सवय लावायची, हे दुकानांचे वागणे मला अत्यंत बेजबाबदार वाटते. याचा परिणाम असा, की पत्ता तपासून मेल खोटा असल्याचे पुष्कळदा कळते, पण मेल खरा असल्याची खात्री पत्त्यावरून बहुधा पटत नाही.

म्हणून मेल ओळखण्यापेक्षाही एक साधी शिस्त मी अधिक भरवशाची मानतो, आणि ताईलाही तीच सांगितली. मेल खरा असो वा खोटा, त्याने दाखवलेल्या दारातून आत जायचे नाही. मेल बाजूला ठेवायचा, दुकानाचे अॅप स्वतःच्या हाताने उघडायचे, किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करायचा, आणि ‘माझ्या ऑर्डर’ या जागी काय लिहिले आहे ते पाहायचे. पार्सल खरोखर अडले असेल, पैसे खरोखर थकले असतील, खाते खरोखर बंद होणार असेल, तर त्याची नोंद तिथे असतेच. अॅमेझॉनच्या खात्यात तर ‘मेसेज सेंटर’ नावाची जागा आहे, आणि कंपनीने ग्राहकाला पाठवलेले मेल तिथे दिसतात. हातातला मेल तिथे नसेल तर संशयाला जागा आहे. दुकानाचे नाव गूगलवर शोधून पहिल्या दुव्यावर जाणे मात्र टाळावे, कारण शोधाच्या वर येणाऱ्या जाहिरातींत आणि ‘कस्टमर केअर क्रमांक’ म्हणून येणाऱ्या उत्तरांतही तोतये शिरलेले असतात.

या शिस्तीला यंत्राची जोड देता येते. पासवर्ड लक्षात ठेवणारे सॉफ्टवेअर पासवर्ड डोमेनशी बांधून ठेवते. पान कितीही हुबेहूब असो, डोमेन वेगळे असेल तर ते पासवर्ड भरत नाही. आपले डोळे ‘आर-एन’ला ‘एम’ समजतील, सॉफ्टवेअर समजणार नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने टाइप करायला न धावता वरचा पत्ता पुन्हा वाचावा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या कुलपाने खाते उघडण्याची नवी पद्धत, याच तत्त्वावर उभी आहे आणि तिच्यात चोराच्या पानावर टाइप करून देण्यासारखे काही उरतच नाही.

मेल काय मागतो आहे यावरूनही पुष्कळ कळते. पार्सलसाठी दहा-पंचवीस रुपये मागणारा मेल त्या रुपयांसाठी नसतो. रक्कम इतकी लहान ठेवलेली असते की माणूस विचार न करता कार्ड काढतो. आपण चोराच्या पानावर कार्डाचा तपशील भरत असताना तो त्याच क्षणी दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या दुकानात मोठ्या खरेदीसाठी तोच तपशील भरत असतो, बँक त्या खरेदीचा ओटीपी आपल्याला पाठवते, आणि आपण तो त्याच्या पानावर लिहिला की खरेदी पूर्ण होते. ताईच्या २५ रुपयांचे २४,९९९ झाले ते असे. ओटीपीच्या संदेशात बँक रक्कम लिहिते, आणि बहुधा दुकानाचे नावही लिहिते. आपल्याला फक्त आकडे उतरवून घेण्याची सवय लागली आहे, कित्येक फोन तर ते आकडे आपोआप भरून मोकळे होतात. संदेश पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचणे हा शेवटचा उंबरठा आहे. परदेशी संकेतस्थळांवरचे काही व्यवहार ओटीपीशिवायही पूर्ण होतात, तेव्हा गरज नसेल तर बँकेच्या अॅपमधून कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवावेत.

परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या मेलसाठी एकच नियम पुरतो: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. परतावा मिळवण्यासाठी पिन टाका, क्यूआर कोड स्कॅन करा, असे कोणी सांगत असेल तर तो आपल्या खात्यातून पैसे काढतो आहे.

काही मेलांत लिंक नसतेच. त्यात बिल असते. आपण ९० हजारांचा फोन मागवला आहे, रक्कम आज खात्यातून वळती होईल, ऑर्डर आपली नसल्यास या क्रमांकावर फोन करा, एवढाच मजकूर. माणूस घाबरून स्वतः फोन करतो, आणि आपणच फोन केलेला असल्यामुळे समोरच्यावर त्याचा विश्वासही बसतो. पलीकडचा माणूस ऑर्डर रद्द करण्यासाठी म्हणून एनीडेस्कसारखे, दुसऱ्याचा पडदा दुरून पाहता येणारे अॅप उतरवायला सांगतो. या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. असे बिल आले तर बँकेच्या खात्यात आणि दुकानाच्या अॅपमध्ये पाहावे. ऑर्डर तिथे नसेल तर ती कुठेच नाही, आणि नसलेली ऑर्डर रद्द करण्याची गरज नसते.

अशा फोनांच्या पलीकडे बसलेली माणसे कधी कधी आपल्या शेजारीच असतात, हे मराठी वाचकाने जाणून घ्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये भाड्याने घेतलेल्या जागेत चालणारे बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणले. अॅमेझॉनच्या मदतकेंद्रातून बोलत असल्याचे सांगून तिथून अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांतल्या लोकांना लुबाडले जात होते, आणि सीबीआयच्या म्हणण्याप्रमाणे पैसे गिफ्ट कार्ड व आभासी चलनाच्या रूपाने उकळले जात होते. छाप्याच्या वेळी तिथे साठहून अधिक कर्मचारी काम करताना सापडले. परदेशात एकट्या राहणाऱ्या आपल्या आईवडिलांना किंवा तिथे नव्यानेच गेलेल्या मुलांना हे सांगून ठेवावे, की कोणतेही दुकान परतावा देण्यासाठी ग्राहकाला गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावत नाही.

शुद्धलेखनाच्या चुका, ‘प्रिय ग्राहक’ असा मोघम मायना, विचित्र भाषा, या जुन्या खुणांवर आता फार भार टाकू नये. यंत्राने लिहिलेला मजकूर आज इंग्रजीत निर्दोष असतो आणि मराठीतही बऱ्यापैकी जमून येतो. मेलमध्ये आपले नाव, फोन क्रमांक, घरचा पत्ता अचूक आहे म्हणून तो खरा, हेही धरून चालू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केट या ऑनलाइन किराणा दुकानाच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे बाहेर आले होते, आणि तीत नावे, ईमेल, फोन क्रमांक व पत्ते होते. अशी माहिती एकदा बाहेर पडली की ती वर्षानुवर्षे हातोहात विकली जाते. एक खूण मात्र अजून टिकून आहे, आणि ती म्हणजे घाई. चोवीस तास, शेवटची संधी, आजच, आत्ताच. माणूस अॅप उघडून खात्री करण्याइतका थांबला की चोराचा डाव संपतो, त्यामुळे त्याला घाई सोडता येत नाही.

तपशील भरून झाला असेल तर काय करावे, याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम बँकेच्या अॅपमधून किंवा कार्डाच्या पाठीवरच्या क्रमांकावरून कार्ड बंद करावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या यंत्रणेत बँका जोडलेल्या आहेत, आणि पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकत असतानाच तो वाटेत गोठवण्याचा प्रयत्न केला जातो. तो पुढे काढला गेला की हाती लागणे कठीण होते. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवावी. पासवर्ड दिला असेल तर तो बदलावा, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला आहे तिथेही बदलावा. मेलच्या खात्याचा पासवर्ड सर्वांत आधी, कारण बाकी सगळी कुलपे त्या एका किल्लीने उघडतात.

बँकेला कळवण्याची घाई का, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर काहीही भार येत नाही, आणि चार ते सात दिवसांत दिली तर भार ठरावीक मर्यादेपर्यंतच येतो. मात्र ग्राहकाने स्वतःच तपशील किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतर झालेले बँकेचे, अशी ती विभागणी आहे. फिशिंगमध्ये बँका पुष्कळदा ग्राहकाच्या हलगर्जीकडे बोट दाखवतात. म्हणूनच कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवणे अगत्याचे आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मूळ मेल पुसून टाकू नये. रागाने किंवा शरमेने तो पहिल्यांदा पुसला जातो, आणि पुरावा तिथेच नाहीसा होतो. पडद्याचा फोटो पुरेसा नसतो, कारण मेल कोणत्या यंत्रांमधून फिरत आला याची नोंद त्याच्या पोटात असते आणि फोटोत ती येत नाही. जीमेलमध्ये संगणकावर ‘शो ओरिजिनल’ निवडले की ती दिसते, आणि एसपीएफ, डीकेआयएम व डीएमएआरसी या तिन्ही तपासण्यांचे निकालही तिथेच वर लिहिलेले असतात. पैसे गेले नसले तरीही मेल ‘फिशिंग’ म्हणून नोंदवावा, आणि सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेकडे पाठवावा.

ताईने त्या दुपारी कार्ड बंद केले, मेलच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि मग दुकानाचे अॅप उघडून पाहिले. मिक्सर कालच आमच्याच गावातल्या वितरण केंद्रात पोहोचलेला होता आणि पत्त्याबद्दल कोणतीही तक्रार तिथे नव्हती. संध्याकाळी सातच्या सुमारास मुलगा पार्सल घेऊन आला. मेल तिने पुसला नाही. त्यातला तो नावाखालचा लहान बाण कसा दाबायचा, हे ती आता तिच्या भिशीतल्या मैत्रिणींना फोन हातात घेऊन एकेकीला दाखवते आहे.